निपल खाली, हवा वर

तक्रार दोन ओळींची होती. पुढचं डावं चाक तापतंय, आणि ब्रेकचं पेडल मऊ लागतंय. गाडीमालक हाताने काम करणारे. घरच्या घरी त्यांनी आधी पॅड (डिस्कला घासणारे ब्रेकचे ठोकळे) बदलले, मग गाइड पिनांना (कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या सळ्यांना) ग्रीस लावलं, शेवटी पुढचे दोन्ही कॅलिपर (ऑइलच्या जोराने पिस्टन ढकलून पॅड डिस्कवर दाबणारे भाग) नवे आणून बसवले. दर कामानंतर चाक तापतच राहिलं. कॅलिपर बदलल्यावर तर आगीतून फुफाट्यात अशी गत झाली: चाक आधीपेक्षा जास्त पकडून धरू लागलं, आणि तोवर ठणठणीत असलेलं पेडल स्पंज झालं. आत शिरलेली हवा काढायला लिटरभराहून जास्त ब्रेक ऑइल निपलमधून, म्हणजे कॅलिपरवरच्या छोट्या तोटीतून, काढून झालं होतं. "एअर निघतच नाही," असं त्यांचं म्हणणं. त्यात काही चूक नव्हतं. एअर खरोखरच निघत नव्हती.

नवा पार्ट टाकल्यावर दुखणं वाढलं की पार्टच खराब निघाला, असं सगळे बोलून मोकळे होतात. कधी कधी तसं असतंही. इथे तसं नव्हतं, आणि तरी दुखणं वाढलं होतं हेही खरं होतं. हे दोन्ही एकाच वेळी कसं जमलं, तेवढ्यासाठी ही केस लिहून ठेवतोय.

आधी पेडल. "मऊ लागतंय" या एका तक्रारीत लोक तीन वेगळी दुखणी कोंबतात. पाय दाबल्यावर पेडल खाली जातं पण तिथे घट्ट उभं राहतं, तर ते नुसतं खोल गेलेलं पेडल. बहुतेक वेळा मागच्या ड्रमची ॲडजस्टमेंट सुटलेली असते. पाय एकसारखा दाबून धरला आणि पेडल हळूहळू तळाच्या फळीकडे सरकत गेलं, तर बाहेर कुठे तरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या मुख्य पंपाच्या) आतलं रबर ऑइल धरत नाही. आणि पाय दाबताना स्प्रिंगवर उभं राहिल्यासारखं लागत असेल तर तो खरा स्पंज: आत हवा, किंवा फुगणारा होज (कॅलिपरपर्यंत जाणारी रबरी नळी), किंवा वाकडा बसलेला पॅड. ही तपासणी इंजिन बंद ठेवून करायची. पेडल चार-पाच वेळा मारून बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपवायचा आणि मग पायाला काय लागतं ते बघायचं. व्हॅक्यूम असताना पायाला सगळंच मऊ लागतं.

इथे पेडल नेहमीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर खाली जाऊन स्प्रिंगसारखं थांबत होतं. धरून ठेवलं तर सरकत नव्हतं, म्हणजे मास्टर सिलिंडरवर संशय घ्यायचं कारण नव्हतं. लागोपाठ मारलं की वर येत होतं. आणखी एक तपासणी अशी, की ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण उघडून एकाने पेडल भराभर मारायचं, दाबून धरायचं आणि एकदम सोडायचं. लाइनमध्ये हवा दबलेली असेल तर सोडल्याबरोबर बाटलीत ऑइल उसळतं. बघणाऱ्याने तोंड वर धरू नये. ब्रेक ऑइल डोळ्यात जाणं वाईटच, आणि रंगावर सांडलं तर पत्र्यापर्यंत रंग खातं. सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. इथे ऑइल चांगलंच उसळलं.

मागच्या चाकांना अडसर लावून पुढची दोन्ही चाकं स्टँडवर घेतली. जॅकवर गाडी ठेवून कोणी खाली हात घालत असेल तर त्याला मी काम शिकवत नाही. पेडल दाबलं, सोडलं, लगेच हाताने चाकं फिरवून पाहिली. उजवं तत्काळ मोकळं. डावं दगडासारखं. घड्याळ लावलं तर साधारण 40 सेकंदांनी ते हाताला सरकू लागलं. मागचं उजवं चाक वेगळं उचलून पाहिलं, तेही मोकळं होतं, आणि त्याला इथे महत्त्व आहे: बऱ्याच छोट्या गाड्यांत ब्रेकची लाइन तिरकी वाटलेली असते, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं एका सर्किटवर. या गाडीतही तसंच होतं. बिघाड मास्टर सिलिंडरकडे असता तर दोन्ही चाकांनी धरून ठेवलं असतं.

चाकं काढली आणि स्पंजचं उत्तर समोर दिसलं. दोन्ही कॅलिपरची निपलं खालच्या बाजूला. डावा कॅलिपर उजवीकडे बसला होता, उजवा डावीकडे.

कॅलिपर आडवा बसतो, त्यामुळे पिस्टनच्या मागची जागाही आडवी असते. हवा तिथल्या सगळ्यात वरच्या कोपऱ्यात जाऊन बसते आणि निपल मुद्दाम त्याच कोपऱ्यात दिलेलं असतं. कॅलिपर उलट बाजूला लावला की निपल तळाला जातं आणि हवेची कोर वर अडकते. मग लिटर काढा, दहा लिटर काढा, खालून स्वच्छ ऑइल येत राहतं. त्या ऑइलमध्ये बुडबुडा दिसत नाही, म्हणून माणसाला वाटतं की एअर संपली. बऱ्याच गाड्यांत दोन्ही बाजूंच्या बोल्टांची भोकं सारखीच असतात, त्यामुळे कॅलिपर कुरकुर न करता उलटा बसतो. ही रचना करणाऱ्यांना मी कधीच माफ केलेलं नाही. एका बाजूच्या बोल्टची जागा दोन मिलिमीटर हलवली असती तर हा घोळ कधी झालाच नसता.

डावं-उजवं ठरतं ते चालकाच्या सीटवर पुढे तोंड करून बसल्यावर. गाडीसमोर उभं राहून बघितलं की सगळं उलटतं. खोक्यावर नुसतं एक अक्षर छापून पार्टवाल्यांचं काम संपतं. निपलाकडे बोट दाखवणारा "ही बाजू वर" एवढा एक बाण छापायला किती शाई लागते?

तर स्पंज कळला. इथे सगळ्यांचा हात शिवशिवतो: अदलाबदल करा, एअर काढा, चाकं चढवा, गाडी द्या. पण खाली असलेलं निपल चाक जाम करत नाही. उजवीकडे तेच उलटं निपल, तेवढीच हवा, एकाच दिवशी बसवलेला नवा कॅलिपर, आणि ते चाक सुटत होतं. म्हणून आहे त्या अवस्थेतच डाव्या चाकाचं कारण शोधणं भाग होतं. एकदा सगळं सरळ केलं की पुरावा हातचा गेला असता.

चाक पकडून राहण्याची कारणं दोन घराण्यांतली. एक, प्रेशर गेलं पण लोखंड अडकलं: पिन जाम, पिस्टन जाम, पॅड ब्रॅकेटच्या खाचेत रुतलेला. दुसरं, लोखंड मोकळं आहे पण प्रेशरच परत जात नाही. यांतलं कुठलं, हे एका पान्याने कळतं. पेडल मारायचं, सोडायचं, चाक जाम आहे याची खात्री करायची आणि निपल पाव फेरा उघडायचं. चाक सुटलं तर प्रेशर अडकलं होतं. नाही सुटलं तर लोखंड. एवढी साधी तपासणी सोडून लोक कॅलिपर बदलायला सांगतात. फोनवर "चाक तापतंय" एवढं ऐकून सांगणारेही आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी.

पाना सहा कोनी घ्यायचा, रिंग किंवा सॉकेट. निपल नाजूक असतं. बारा कोनी किंवा उघड्या तोंडाच्या पान्याने कडा झिजल्या की त्यापुढे निपल तुटण्याची वाट बघायची. अडकलं असेल तर आदल्या दिवशी गंज सुटायचं तेल टाकून ठेवावं आणि उघडताना थोडं घट्ट, थोडं सैल असं करत आणावं.

डावं निपल उघडलं आणि चाक सुटलं. म्हणजे प्रेशर. पण नजर अडली ती दुसऱ्याच गोष्टीवर. हवा नसलेल्या लाइनमध्ये अडकलेलं प्रेशर सोडलं की जेमतेम काही थेंब येतात. ऑइल दबत नाही, त्यामुळे थोडंसं बाहेर पडलं की प्रेशर शून्यावर. इथे थेंब नव्हते, धार होती. निपलाला लावलेल्या पारदर्शक नळीतून ती खाली ठेवलेल्या बाटलीत पडत राहिली आणि शेवटी रडतखडत थांबली. आत काही तरी ऑइलला मागून ढकलत होतं. ती हवेची कोर होती.

आता प्रेशर अडलंय कुठे? निपल बंद करून पुन्हा पेडल मारलं, चाक जाम झालं. मग लोखंडी पाइप आणि रबरी होज जिथे जुळतात तो वरचा नट सैल केला. या नटासाठी फ्लेअर नट पाना (नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरणारा) हवा, आणि होजचं टोक दुसऱ्या पान्याने धरून ठेवायचं, नाही तर नटाबरोबर पाइपही पिळवटतो. नट सैल करून चाक सुटलं असतं तर दोष वरच्या बाजूला, मास्टर सिलिंडर किंवा बूस्टरच्या दांड्यात. पेडलला फ्री प्ले (दाब लागण्याआधीची मोकळी हालचाल) नसेल किंवा दांडा लांब असेल तर मास्टर सिलिंडरचं परतीचं बारीक भोक झाकलेलं राहतं आणि ऑइल बाटलीत परतू शकत नाही. गाडी जसजशी गरम होते तसे ब्रेक आपोआप लागत जातात. त्याची तपासणी म्हणजे मास्टर सिलिंडर आणि बूस्टरमधले नट दोन-तीन मिलिमीटर सैल करून बघणं. इथे तिथवर जावं लागलं नाही. वरचा नट सैल केल्यावर थोडं ऑइल ओघळलं, पण चाक जसंच्या तसं. पाठोपाठ खालचं निपल उघडलं, चाक सुटलं. दोन जागांच्या मध्ये होजशिवाय काही नाही.

बाहेरून तो होज निरोगी दिसत होता. ना चीर, ना फुगवटा. होजचं आतलं भोक मुळात बारीक असतं. आतलं रबर सुजलं किंवा बाहेरून दाबलं गेलं की ते आणखी अरुंद होतं. पायाच्या जोरावर 70-80 बार प्रेशर येतं तेव्हा ऑइल त्यातूनही रेटून पुढे जातं, म्हणून ब्रेक लागतो. परतीला तसा रेटा नसतो. पिस्टनला मागे घेणारी स्प्रिंग कॅलिपरमध्ये नाही. पिस्टनभोवतीची चौकोनी सील दाबताना मुरडते आणि सुटल्यावर सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरच्या काही दशांशाएवढं मागे ओढते. डिस्क ब्रेकची सगळी परत एवढ्याशा रबरावर. अरुंद होज त्याला जुमानत नाही.

इथे आकडेमोड करून पाहिली. पिस्टन 54 मिलिमीटरचा आणि तो 0.3 मिलिमीटर मागे यायला हवा असं धरलं, तर होजमधून परत जायचं ऑइल सुमारे 0.7 सीसी. आता वर 2 सीसी हवा अडकलीय असं समजा. जोरात ब्रेक दाबला की ती हवा दबून जवळजवळ नाहीशी होते आणि तिची जागा ऑइल घेतं. पाय काढला की ती पुन्हा पसरते आणि तेवढं ऑइल बाहेर ढकलते. म्हणजे त्याच चिंचोळ्या वाटेने आता 0.7 ऐवजी 2.7 सीसी परत जायचंय, आणि ते जाईपर्यंत हवा पिस्टनवर जोर लावून बसलेली. फुग्याचं तोंड चिमटीत धरून हवा सोडावी तसं. सुरुवातीला जोरात, मग हळू, शेवटी संपता संपत नाही. 2 सीसी हा अंदाज पेडल किती खाली जात होतं त्यावरून: दोन्ही बाजूंची मिळून 4 सीसी, सुमारे 20 मिलिमीटर बोअरचा मास्टर सिलिंडर त्यासाठी 12-13 मिलिमीटर जास्त पुढे जाणार, पेडलचा दांडा चौपट, म्हणजे पायाशी पाचेक सेंटिमीटर. जुळतंय.

म्हणून नवे कॅलिपर बसवल्यावर चाक जास्त पकडायला लागलं. होज आधीच आजारी होता, पण लाइनमध्ये हवा नव्हती, त्यामुळे परतीचं ऑइल थोडं आणि चाक नुसतं तापायचं. हवा शिरली आणि त्याच होजचा त्रास चौपट झाला. लागोपाठ मारल्यावर पेडल वर येत होतं त्याचंही थोडं कारण हेच: डाव्या कॅलिपरमधलं ऑइल परतायच्या आत पुढचा दाब येत होता. ही खूण बघून "नुसती एअर आहे" म्हणणारा निम्मा बरोबर ठरला असता.

खात्री करायला क्रम मुद्दाम उलटा ठेवला. होज जुनाच ठेवून आधी फक्त कॅलिपर आपापल्या बाजूला लावले, बँजो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) तांब्याचे नवे वॉशर घातले, एअर काढली आणि पुन्हा घड्याळ लावलं. पेडल कडक. डावं चाक 9-10 सेकंदांत मोकळं. वॉशरचा एक संच वाया गेला, कारण होज बदलताना पुन्हा नवे लागणारच. पण त्या आकड्यासाठी तो स्वस्तच पडला. मला या केसमधलं सगळ्यात धोक्याचं वाटतं ते हेच 10 सेकंदांचं चाक. पेडल छान, चाक गाडीखालून हात पुसून उठेपर्यंत सुटलेलं, कोणीही "झालं" म्हणून गाडी दिली असती. घाटात उतरताना तेच चाक पुन्हा तापलं असतं, आणि आता संशय घ्यायला स्पंज पेडलही उरलं नसतं.

होज दोन्ही बाजूंचे बदलले. नवा होज लावताना त्याला पीळ राहता कामा नये; बऱ्याच होजवर लांबीभर एक रेघ असते, ती सरळ दिसली पाहिजे. चाक लटकत असताना आणि गाडी खाली घेतल्यावर, दोन्ही वेळा स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून तो कुठे ताणला किंवा घासला जात नाही ना ते बघायचं. होज बदलल्यावर डावं चाक पेडल सोडल्याबरोबर फिरू लागलं.

पिनांचं काम वेगळंच निघालं. त्यांना साधं, सगळीकडे चालणारं पिवळं ग्रीस लावलं होतं. खनिज तेलाचं ग्रीस ब्रेकच्या रबराला फुगवतं. दोन पिनांपैकी एकीच्या टोकाला छोटं रबरी बुश असतं. ते फुगून भोकात इतकं घट्ट झालं होतं की पिन ओढताना चुळकन आवाज आला. हे एकटं चाक जाम करण्याइतकं नव्हतं, पण आज ना उद्या झालं असतं. बुश आणि बूट नवे घातले, भोकं ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडी केली आणि सिलिकॉन ग्रीस लावलं. तेही बेताने: भोक ग्रीसने भरून टाकलं की पिन आत जाताना हवेला वाट राहत नाही आणि ती पिचकारीसारखी परत बाहेर सरकते. बुशवाली पिन वरच्या भोकात की खालच्या, ते गाडीगाडीवर ठरतं. काढतानाच खूण करायची. हाताने ढकलल्यावर पिन सरकली पाहिजे आणि सोडल्यावर जागच्या जागी राहिली पाहिजे.

पॅडकडे बघूनही बरंच कळतं. आतला जास्त झिजला तर पिस्टन परत येत नाही किंवा पिना अडकल्यात, बाहेरचा जास्त झिजला तर कॅलिपर पिनांवरून मागे सरकत नाही, आणि एकच पॅड तिरका झिजला तर दोनपैकी एक पिन धरतेय. इथे डाव्याचे दोन्ही पॅड सारखेच झिजलेले, पण वरून काचेसारखे झालेले. लोखंड दोषी असतं तर झीज एवढी समान नसती, हा होजच्या बाजूचा आणखी एक साक्षीदार. ब्रॅकेटच्या खाचांत स्टीलच्या क्लिपांखाली गंज चढून त्या वर उचलल्या गेल्या होत्या. बघायला ही बारीकसारीक गोष्ट, पण पॅड रुततो तो इथेच. क्लिप काढून खाच कानशीने धातूपर्यंत साफ केली, क्लिपा नव्या घातल्या, आणि पॅड बोटाने सरकतो हे बघितलं. हातोडीने ठोकून बसवलेला पॅड परत कसा येणार? साफसफाईत ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि नसलं तरी ती धूळ फुप्फुसांत जायची वस्तू नाही. डाव्या डिस्कवर निळे डाग होते, पण जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याच्या वर होती आणि डायल गेजवर लचक (फिरताना डिस्कचं डगमगणं) जवळजवळ नव्हती, म्हणून ती ठेवली.

एअर काढण्याबद्दल लोक उगाच गूढ बोलतात. वरच्या बाटलीतलं जुनं, काळं ऑइल पिचकारीने आधीच ओढून काढायचं, म्हणजे ते सगळ्या लाइनमधून फिरवावं लागत नाही. डबा त्या दिवशी फोडलेला हवा. उघडा डबा हवेतलं पाणी पितो. डॉट 4 प्रतीचं ऑइल कोरडं असताना किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं. ठरलेल्या चाचणीइतकं, म्हणजे सुमारे 3.7 टक्के, पाणी मुरलं की ती किमान मर्यादा 155 वर येते. डॉट 3 चे आकडे 205 आणि 140, डॉट 5.1 चे 260 आणि 180. तापलेल्या चाकात पाणी मुरलेलं ऑइल उकळलं की वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते. गार झाल्यावर पेडल पुन्हा चांगलं, तपासायला जावं तर काही सापडत नाही. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, नाव 5.1 च्या शेजारचं असलं तरी ते यात मिसळायचं नाही.

एक माणूस आत, एक बाहेर. बाहेरच्याने "दाब" म्हणायचं, आतल्याने सावकाश दाबून धरायचं, निपल पाव-अर्धा फेरा उघडून बंद झाल्यावर बाहेरून "सोड" येईपर्यंत पाय हलवायचा नाही. निपल उघडं असताना पाय सुटला की हवा उलट आत. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रबर रोज जेवढं फिरतं त्याच्या पुढचा भाग गंजलेला किंवा मळलेला असू शकतो. पेडल फळीपर्यंत दाबून रबर तिथे नेलं की चांगला सिलिंडर त्या दिवशी ऑइल सोडायला लागतो, आणि एअर काढणाऱ्याला कळत नाही की हे त्याच्याच पायाने झालं. नळीचं टोक खालच्या बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं ठेवायचं, वरची बाटली रिकामी होऊ द्यायची नाही, कॅलिपरला प्लास्टिकच्या हातोडीने टिचक्या मारत राहायच्या म्हणजे भिंतीला चिकटलेले बारीक बुडबुडे सुटतात. हातपंपाने निपलमधून ओढणाऱ्यांना एक सांगणं: सैल निपलाच्या आट्यांमधूनही हवा नळीत येते. ती लाइनमधली नसते. त्या बुडबुड्यांमागे धावून डबेच्या डबे ओतलेले लोक आहेत. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तकात बघावा. "लांबच्या चाकापासून सुरू करा" हा नियम तिरक्या सर्किटच्या सगळ्या गाड्यांना लागू पडत नाही. एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) ठोकळ्यात हवा गेली असेल तर काही गाड्यांना स्कॅनर लावूनच ती निघते, म्हणून काम चालू असताना लाइन कोरडी पडू द्यायची नाही. आणि पिस्टन मागे ढकलताना निपल उघडून ढकलायचा, म्हणजे कॅलिपरच्या तळातला गाळ एबीएसकडे न जाता बाहेर पडतो.

शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल दाबून धरलं आणि तसंच इंजिन सुरू केलं. पेडल थोडं खाली गेलं, म्हणजे बूस्टर ठीक. मग मोकळ्या रस्त्यावर शक्यतो ब्रेक न वापरता गाडी फिरवून दोन्ही डिस्कचं तापमान मोजलं. इन्फ्रारेड मीटर चकचकीत धातूवर खोटं बोलतं, म्हणून आकड्यावर विसंबायचं नाही. दोन्ही बाजूंना एकाच जागी मारून फरक बघायचा. फरक नगण्य होता.

जुना डावा होज उभा चिरून बघितला. मधोमध ज्या पत्र्याच्या क्लॅम्पने तो बॉडीला धरलेला असतो, त्याच्या आतून गंज फुगून रबराला चहूबाजूंनी आवळत होता. बाकी लांबीत भोक गोल, तिथे मात्र नुसती फट उरलेली. इथवर हिशेब लागतो. पण उजव्या होजच्या क्लॅम्पवरही गंज होताच, बाहेरून तरी तेवढाच, आणि त्याचं भोक मोकळं. गाडीमालक म्हणाले की पॅड बदलताना डावा कॅलिपर होजवरच लटकत ठेवला होता. कॅलिपर तारेने स्प्रिंगला बांधायचा असतो; त्याचं सगळं वजन क्लॅम्पच्या काठावर रबर दाबतं. होज त्यानेच गेला असं म्हणावं, तर पॅड बदलायला घेतले तेच मुळी चाक तापत होतं म्हणून. आधी किती तापायचं आणि नंतर किती, हे त्यांनाही आता नीट सांगता येत नाही.

त्यांनी एक काम मात्र फार चांगलं केलं होतं: जुने कॅलिपर फेकले नव्हते. दोन्ही उघडले. पिस्टनसमोर लाकडाची फळी ठेवून, बोटं लांब ठेवून, अगदी थोड्या हवेने पिस्टन बाहेर काढले. दोन्ही पिस्टनचा क्रोम साबूत, कुठे खड्डा नाही. सील काढून खाच तपासली, कारण खाचेत सीलच्या मागे गंज साचला की तो सीलला पिस्टनवर दाबतो, मुरडून परत यायला जागा ठेवत नाही, आणि पिस्टन वरून चकाचक दिसत असूनही अडकतो. डाव्याची खाच जवळजवळ स्वच्छ निघाली. गंज होता तो उजव्याच्या खाचेत, टोकदार पितळी सळीने खरवडावा लागेल एवढा, आणि ते चाक कधीच तापलं नव्हतं.